सूचना द्यायची, पण कधी? – सुरक्षा-सूचनांच्या वेळापत्रकाचा एक धडा



"पॅच आलाय, टाकून घ्या" हे वाक्य कॉम्प्युटर लॅबच्या आसपास वावरणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. सॉफ्टवेअरमधली भगदाडं कशी शोधायची, ती कशी बुजवायची, यावर लायब्ररीत पुस्तकं आहेत, इलेक्टिव्ह विषयही आहेत. पण भगदाड बुजवल्याची बातमी जगाला कोणत्या वारी आणि किती वाजता सांगायची, हा प्रश्न मात्र कुठल्याच युनिटमध्ये येत नाही. आपल्याला वाटतं, त्यात काय एवढं? तयार झालं की द्यायचं!

प्रकरण इतकं सोपं नाही. या एका निर्णयावर हजारो सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरांची रात्र अवलंबून असते, आणि कधी कधी तर हॉस्पिटलमधल्या पेशंटची तपासणीसुद्धा. तेव्हा या लेखात आपण हा विषय जरा नीट, हिशेब मांडून समजून घेऊ.

आधी तीन शब्द

पहिला शब्द भगदाड. प्रोग्राममधली अशी चूक, जिच्यातून परका माणूस आत शिरू शकतो. दुसरा शब्द पॅच, म्हणजे सरळ मराठीत ठिगळ. ही चूक दुरुस्त करणारा कोडचा तुकडा. आणि तिसरा, आपल्या आजच्या कामाचा शब्द, सुरक्षा-सूचना. कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत काय बिघाड आहे, तो किती गंभीर आहे आणि आता काय करायचं, हे सांगणारं अधिकृत पत्रक म्हणजे सुरक्षा-सूचना. ही सूचना सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी काढते, शोध लावणारा संशोधक काढतो, किंवा आपल्याकडच्या सर्ट-इनसारखी सरकारी संस्था काढते. सर्ट-इनचं काम २००४ पासून चालू आहे.

एकच पत्र, दोन वाचक

समजा, होस्टेलच्या मागच्या दाराची कडी तुटली आहे. रेक्टर सरांनी नोटीस बोर्डावर कागद लावला : "मागच्या दाराची कडी तुटली आहे, सर्वांनी आपापल्या खोलीला कुलूप लावावे." हेतू चांगला. पण हा कागद शुक्रवारी संध्याकाळी लागला, आणि निम्मी मुलं त्याआधीच गावी जायला एस.टी. स्टँडवर पोचली असतील तर? कुलूप लावणारे ती नोटीस सोमवारी वाचणार. आणि चोर? त्याला काही सुट्टी नसते, तो त्याच रात्री वाचणार.

सुरक्षा-सूचनेचं अगदी असंच आहे. पत्र एकच, वाचक दोन. बरं, सूचनेत तपशील कमी लिहिले म्हणून भागत नाही. कारण पॅच हाच मुळात एक खुलासा असतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवली आणि कुठल्या ओळी बदलल्या ते पाहिलं, की चूक कुठे होती ते जाणकाराला कळतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिलं की हे काम यंत्राकडूनही करवून घेता येतं. मायक्रोसॉफ्टच्या पाच प्रोग्रामांचे जुने आणि दुरुस्त नमुने घेऊन त्यांनी हल्ल्याचे कोड आपोआप तयार केले, काही तर काही मिनिटांच्या आत.

म्हणजे सूचना बाहेर पडली, की शर्यत सुरू झाली. एका बाजूला पॅच टाकणारा ॲडमिन, दुसऱ्या बाजूला हल्ला लिहिणारा. दोघांची सुरुवातीची रेघ एकच. शर्यत कधी सुरू करायची, एवढंच काय ते सूचना देणाऱ्याच्या हातात असतं.

थोडा हिशेब

आता काही गाजलेली उदाहरणं घेऊ आणि सूचनेपासून हल्ल्यापर्यंत किती वेळ मिळाला ते मोजू.

स्लॅमर : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या चुकीची सूचना आणि पॅच २४ जुलै २००२ ला आले. स्लॅमर नावाचा वर्म सुटला २५ जानेवारी २००३ ला. मधे १८५ दिवस.

ब्लास्टर : पॅच १६ जुलै २००३, वर्म ११ ऑगस्ट २००३. मधे २६ दिवस.

विटी : सूचना १८ मार्च २००४. वर्म सुटला तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९ मार्चची, म्हणजे शुक्रवारची रात्र होती तेव्हा. आपल्याकडे शनिवारची सकाळ उजाडली होती. मधे जेमतेम एक-दोन दिवस.

वॉनाक्राय : पॅच १४ मार्च २०१७, हल्ला १२ मे २०१७, वार शुक्रवार. मधे ५९ दिवस.

यातून "दिवसेंदिवस वेळ कमीच होत गेला" असा सरळ ग्राफ निघत नाही, हे लक्षात घ्या. वॉनाक्रायच्या वेळी दोन महिने मिळाले होते. तरी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टना फटका बसला आणि १९ हजारांहून जास्त अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी मांडला. पेशंट तारीख घेऊन आला आणि परत गेला. कुठल्या तरी मशिनवर पॅच पडला नव्हता म्हणून.

स्लॅमरची गोष्ट अजून एका कारणासाठी अभ्यासण्यासारखी आहे. तो अवघ्या ३७६ बाइटचा होता, म्हणजे आपल्या लॅब जर्नलच्या एका परिच्छेदाएवढा. सुरुवातीच्या मिनिटात दर साडेआठ सेकंदांना लागण झालेल्या मशिनची संख्या दुप्पट होत होती, आणि दहा मिनिटांत सापडण्याजोग्या मशिनपैकी ९० टक्के त्याने गाठली. एकूण किमान ७५ हजार. वेळ होती भारतीय घड्याळात शनिवारी सकाळी अकराची, आणि अमेरिकेत शुक्रवारची मध्यरात्र. दहा मिनिटांत माणूस फोन उचलून "काय झालं?" एवढंच विचारू शकतो. म्हणजे हल्ला सुरू झाल्यावर करायला काही उरत नाही. जो काही वेळ माणसाला मिळतो, तो सूचना आणि हल्ला यांच्या मधला. म्हणून तो वेळ कामाच्या दिवसांत पडला की सुट्टीत, याला इतकं महत्त्व.

विटीकडेच बघा. त्याने सुमारे १२ हजार मशिन पकडली, तीही पाऊण तासात बहुतेक सगळी. हार्ड डिस्कवर कुठेही कचरा लिहून ती तो हळूहळू निकामी करत असे. आणि ही मशिन कोणाची? ज्यांनी फायरवॉल बसवली होती त्यांची! चूक त्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्येच होती. म्हणजे काळजी घेणारी माणसं नेमकी गोत्यात आली, कारण शुक्रवारच्या रात्रीपर्यंत पॅच टाकायला त्यांना पुरेसा वेळच मिळाला नाही.

मंगळवारच का?

ऑक्टोबर २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ठरवलं, की नेहमीचे सुरक्षा पॅच महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी द्यायचे. त्याआधी महिन्यात कधी काय येऊन आदळेल याचा भरवसा नसे. यालाच पुढे 'पॅच ट्यूसडे' हे नाव पडलं.

मंगळवारच निवडण्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे. सोमवार हा शनिवार-रविवारचा साठलेला गाळ उपसण्यात जातो. मंगळवारी पॅच आला की बुधवारी चाचणी, गुरुवारी-शुक्रवारी सगळीकडे बसवणं, आणि काही बिघडलंच तर दुरुस्त करायला कंपनीचे लोक ऑफिसात हजर. शुक्रवारी दिला तर यातलं काहीच जमत नाही. आणि आठवडा-दर-आठवडा सुटे पॅच येण्याऐवजी महिन्यातून एकदाच आले, की मशिन रीस्टार्ट करायची परवानगीही एकदाच मागावी लागते. ज्याने कधी सर्व्हर बंद करायची परवानगी मागितली आहे त्याला या वाक्याचं मोल विचारा.

बाकीच्यांनीही मग वेळापत्रकं केली. ओरॅकलने २००५ पासून दर तिमाहीला पॅचचा गठ्ठा देणं सुरू केलं. सिस्कोने २००८ पासून आपल्या राउटरच्या मुख्य सॉफ्टवेअरसाठी मार्च आणि सप्टेंबरचा चौथा बुधवार धरला. अर्थात याला दुसरी बाजू आहे. मंगळवारी पॅच येतो हे चोरांनाही माहीत असतं. म्हणून दुसऱ्या दिवसाला गमतीने 'एक्स्प्लॉइट वेन्सडे' म्हणतात. शिवाय चूक महिन्याच्या पंधरा तारखेला सापडली, तर लोकांना पुढच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत उघड्यावर राहावं लागतं. वेळापत्रकाची ही किंमत आहे, आणि ती मान्य करूनच पुढे जायचं.

आता आपलं घड्याळ लावू

हा पॅच येतो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहा वाजता. तिथे उन्हाळी वेळ चालू असेल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, आणि नसेल तेव्हा साडेअकरा. म्हणजे त्यांचा मंगळवार हा आपला बुधवारच. पुण्यातला किंवा नागपुरातला ॲडमिन सकाळी चहा घेऊन बसतो तेव्हा शर्यत सुरू होऊन दहा तास उलटलेले असतात.

आता एक छोटं गणित. महिन्यातला दुसरा मंगळवार हा नेहमी ८ ते १४ तारखांमध्येच येतो. महिना बुधवारी सुरू झाला तर तो येतो १४ तारखेला. २०१८ चा ऑगस्ट बुधवारी सुरू झाला. परिणाम? पॅच आले १४ ऑगस्टच्या रात्री साडेदहाला, आणि सकाळी झेंडावंदन! २०२३ च्या नोव्हेंबरचंही तेच. दुसरा मंगळवार १४ तारखेला आला, आणि त्या दिवशी होता दिवाळीचा पाडवा. पॅच आले रात्री साडेअकराला, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. रेडमंडला बसलेल्या माणसाला भाऊबीज कुठून माहीत असणार? आणि माहीत असली तरी तो काय करणार? सौदी अरेबियात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते, दर देशाचे सण वेगळे. सगळ्या जगाला सोयीचा वार पंचांगात नाही.

म्हणून वार कुठला यापेक्षा तो आधीपासून ठाऊक असणं जास्त मोलाचं. दुसरा मंगळवार पाडव्याला येतोय, हे ॲडमिनला जानेवारीतच कॅलेंडर पाहून कळू शकतं. मग कोण गावी जाणार आणि कोण थांबणार हे ठरवता येतं.

आगाऊ निरोप

नुसतं वेळापत्रक पुरत नाही, हे द्रुपल या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रसंगांतून छान कळतं.

पहिला प्रसंग १५ ऑक्टोबर २०१४ चा. वार बुधवार. एका अत्यंत गंभीर चुकीची सूचना आणि पॅच आले, आणि काही तासांतच आपोआप चालणारे हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, द्रुपलच्या सुरक्षा गटाने जाहीर केलं : सूचनेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी पॅच टाकला नाही, त्यांनी आपली साइट फोडली गेली आहे असंच समजून चालावं. आता हे सात तास आपल्या घड्याळात बसवा. सुरुवात रात्री साडेनऊला, शेवट पहाटे साडेचारला! इथला जो ॲडमिन त्या रात्री जेवून वेळेवर झोपला आणि सहाला उठला, त्याची काही चूक नव्हती, पण तो हरलेला होता.

दुसरा प्रसंग २०१८ चा. तितकीच गंभीर चूक. या वेळी गटाने २१ मार्चलाच सांगितलं, की बरोबर आठवड्याने, २८ मार्चला, अमुक दीड तासाच्या खिडकीत पॅच येईल, तेव्हा वेळ राखून ठेवा. चूक नेमकी कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही. आपल्याकडे ती खिडकी होती रात्री साडेअकरा ते एक. गैरसोयीचीच, पण माहीत असलेली. लोक जागे राहिले, पॅच टाकले. हल्ल्याचा कोड उघडपणे फिरू लागला तो १२ एप्रिलच्या सुमारास. वार तोच, बुधवार. फरक पडला तो आठवडाभर आधी आलेल्या चार ओळींच्या निरोपाने.

पण या निरोपाचंही 'लांडगा आला रे आला' होऊ शकतं. २०२२ मध्ये ओपनएसएसएलच्या मंडळींनी २५ ऑक्टोबरला सांगितलं, की १ नोव्हेंबरला सर्वोच्च गंभीरतेचा पॅच येतोय. आठवडाभर जगभर धावपळ झाली. प्रत्यक्षात १ तारखेला गंभीरता एक पायरी खाली आणली गेली. काहींनी नाकं मुरडली. माझ्या मते मात्र ती धावपळ अगदीच वाया गेली नाही, कारण आपल्याकडे हे सॉफ्टवेअर कुठे कुठे वापरलं जातं याची यादी अनेकांनी त्या निमित्ताने पहिल्यांदा केली. तरी असे दोन-तीन प्रसंग लागोपाठ आले, तर चौथ्या वेळी कोणी जागं राहणार नाही, हेही खरं.

वेळापत्रक कधी मोडायचं?

नियम आहे म्हणजे अपवादही आलेच. ढोबळ मानाने तीन.

एक, हल्ला आधीच चालू असेल तेव्हा. मार्च २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरवर हल्ले होत असल्याचं कळलं होतं. कंपनी ९ मार्चच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत थांबली नाही, २ मार्चलाच पॅच दिले. चोर घरात असताना मुहूर्त बघत नाहीत.

दोन, गुपित फुटलं किंवा फुटणार असं दिसलं तेव्हा. २०१४ चं हार्टब्लीड गूगलच्या एका संशोधकाला आणि फिनलंडच्या कोडेनोमिकॉन कंपनीला एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडलं. दोघांना सापडलं म्हणजे तिसऱ्यालाही सापडलेलं असू शकतं! त्यामुळे ७ एप्रिल २०१४ ला, ठरवल्यापेक्षा आधीच, ते जाहीर करण्यात आलं. डॅन कॅमिन्स्की यांना २००८ मध्ये डीएनएसमध्ये सापडलेल्या चुकीची गोष्टही अशीच. अनेक कंपन्यांनी महिनोन् महिने गुप्तता पाळून ८ जुलै २००८ ला एकाच दिवशी पॅच दिले. तपशील ऑगस्टमध्ये परिषदेत सांगायचं ठरलं होतं. पण अवघ्या तेरा दिवसांत, २१ जुलैला, दुसऱ्या जाणकारांनी अंदाज बांधला आणि तपशील बाहेर आले. धडा काय? पॅच दिल्यावर मिळणारी मुदत कागदावर तीस दिवसांची असली, तरी तयारी तेरा दिवसांचीच धरून करावी.

तीन, मुदत संपली तेव्हा. चूक कळवूनही कंपनी वर्षानुवर्षं गप्प बसली तर? म्हणून अमेरिकेतल्या सर्ट समन्वय केंद्राने ४५ दिवसांची, तर गूगलच्या प्रोजेक्ट झीरो गटाने ९० दिवसांची मुदत ठरवली. पण मुदत किती कडक असावी? ११ जानेवारी २०१५ ला प्रोजेक्ट झीरोने विंडोजमधली एक चूक जाहीर केली. मायक्रोसॉफ्टचा पॅच १३ जानेवारीला येणार होता, आणि दोन दिवस थांबा अशी विनंतीही त्यांनी केली होती. वाद झाला. पुढच्याच महिन्यात प्रोजेक्ट झीरोने नियम बदलला. पॅच येऊ घातला असेल तर १४ दिवसांची सवलत, आणि मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पुढचा कामाचा दिवस. आपल्या सबमिशनच्या तारखेसारखंच झालं म्हणा ना. तारीख हवीच, नाहीतर जर्नल पुरं होत नाही. पण रविवारी शेवटची तारीख ठेवून कुणाचंच भलं होत नाही.

ॲडमिनच्या खुर्चीतून

आता वाटेल, पॅच आला की त्याच क्षणी टाकावा. थांबा. पॅचमध्येही चुका असतात. २००२ मध्ये एका परिषदेत संशोधकांनी हाच हिशेब मांडला होता. लवकर टाकला तर खराब पॅचचा धोका, उशिरा टाकला तर हल्ल्याचा. त्यांच्या आकडेवारीप्रमाणे दहावा आणि तिसावा दिवस हे त्यातल्या त्यात योग्य ठरत होते. पण हे उत्तर स्लॅमरच्याही आधीचं आहे. द्रुपलच्या सात तासांसमोर दहा दिवस कुठे टिकणार? आणि दुसऱ्या टोकाला १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवा. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट आपल्याकडच्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास एकदम सगळीकडे गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशिन कोलमडली. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले.

मग करायचं काय? इंटरनेटला थेट उघडी असलेली मशिन आधी, त्याच दिवशी. आतली मशिन टप्प्याटप्प्याने, आधी दोन-चारांवर चाचणी करून. आणि त्याआधीची तयारी : आपल्याकडे काय काय चालतं याची यादी, चालू स्थितीतला बॅकअप, पॅच लगेच टाकता येत नसेल तर तात्पुरता उपाय, आणि रात्री फोन कोणाला करायचा ते नाव. कॉलेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वर्षाच्या सुरुवातीलाच शैक्षणिक कॅलेंडरवर बाराही दुसरे मंगळवार लाल पेनने खुणावून ठेवावेत. ऑनलाइन परीक्षा, प्रवेशफेरी किंवा निकाल यांच्याशी कुठला मंगळवार टक्कर घेतो ते तेव्हाच दिसेल. आणि लॅबमधले सर "आज संध्याकाळी सर्व्हर अर्धा तास बंद राहील" म्हणाले, की तोंड वाकडं करू नये. तो अर्धा तास आपल्याच मार्कांच्या राखणीसाठी असतो.

उद्या तुम्ही सूचना लिहाल तेव्हा

आपल्यातले बरेच जण पुढे सॉफ्टवेअर लिहिणार. कधी तरी आपल्याच कोडमधली चूक जगाला सांगायची पाळी येईल. तेव्हासाठी :

१. पॅच तयार असल्याशिवाय, आणि हल्ला चालू नसेल तर, तपशील देऊ नका.
२. शुक्रवार, सणाची पूर्वसंध्या आणि वर्षाचा शेवटचा आठवडा टाळा.
३. तारखेसोबत वेळ आणि ती कुठल्या देशाची वेळ हेही लिहा.
४. गंभीर असेल तर आठवडाभर आधी निरोप द्या, आणि उगाच गंभीर म्हणू नका.
५. कुठल्या आवृत्त्या, तात्पुरता उपाय काय, हल्ले दिसले आहेत का, हे पहिल्या दहा ओळींत सांगा. रात्री साडेअकराला वाचणाऱ्याला निबंध नको असतो.
६. गुपित वेळेआधी फुटलं तर त्याच दिवशी काय द्यायचं, ते आधीच तयार ठेवा.

स्वाध्याय (मेसमध्ये चर्चेसाठी)

१. येत्या वर्षातले सगळे दुसरे मंगळवार काढा. त्यांपैकी किती आपल्या परीक्षा, गणेशोत्सव किंवा दिवाळीच्या सुट्टीला लागून येतात?
२. तुम्ही लिहिलेलं सॉफ्टवेअर भारत, सौदी अरेबिया आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी वापरलं जातं. सूचनेसाठी वार आणि वेळ निवडा, आणि कोणाची गैरसोय तुम्ही पत्करली ते एका वाक्यात लिहा.
३. चूक तुम्हाला सापडली, कंपनीला कळवलं, ८८ दिवस झाले. कंपनी म्हणते, "अजून पाच दिवस थांबा." थांबाल का? आणि त्याच चुकीवर हल्ले सुरू झाल्याचं ८९ व्या दिवशी कळलं तर?

तिसऱ्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर नाही. रूममेटशी भांडून बघा.